डॉक्टरांच्या शाळेतला एक धडा : एचआयव्हीचं निदान, उपचार आणि आपला वर्ग



१ डिसेंबर जवळ आला की आपल्या सगळ्या शाळांत काय चालतं ते तुम्हाला माहीत आहेच. प्रभातफेरी, शपथ, फळ्यावर लाल फीत, चार घोषणा आणि शेवटी फोटो. मीही इतकी वर्षं हेच करत आले. मुलांना 'स्पर्शाने एचआयव्ही पसरत नाही' हे वाक्य पाठ करून घेतलं. ते मला स्वतःला किती पटलं आहे, हे मात्र एका दुपारी कळलं.

चौथीतला एक मुलगा खो-खो खेळताना पडला. गुडघा चांगलाच फुटला होता. मी प्रथमोपचार पेटी घेऊन धावले आणि त्याच्यासमोर बसल्यावर हात पुढे करायला थबकले. फार नाही, दोन-तीन सेकंदच. त्याच्या घराबद्दल गावात काहीतरी कुजबुज होती आणि ती नेमकी त्या वेळी आठवली. मग मी जखम धुतली, पट्टी बांधली. पण तेवढ्यात त्या पोराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. बाई का थांबल्या, हे मुलांना बरोबर कळतं.

माझी मामेबहीण ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. दिवाळीत भेटली तेव्हा तिला हे सांगितलं. मला वाटलं, ती रागावेल. ती म्हणाली, "अगं, आम्हाला सुद्धा हे शिकवावं लागतं. एम.बी.बी.एस. झालं म्हणून भीती जाते असं थोडंच आहे? प्रशिक्षणात निम्मा वेळ यातच जातो."

मग तिच्याकडून समजून घेतलं, स्वतःही वाचलं. डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल जे शिकवतात, त्यातला बराच भाग आपल्यालाही शिकण्यासारखा आहे. म्हणून हा लेख.

डॉक्टरांना हे नव्याने का शिकावं लागलं?

५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण रुग्णांची नोंद छापून आली. त्यांना झालेला न्यूमोनिया निरोगी तरुणांना सहसा होत नाही. एड्सची ही पहिली अधिकृत नोंद. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वाज बारे-सिनूसी आणि ल्युक माँतान्ये यांनी हा आजार घडवणारा विषाणू शोधला. त्याबद्दल दोघांना २००८ चं नोबेल मिळालं.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये, चेन्नईत. मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले होते. आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे डॉ. सुनीती मूळच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. पुढे वडिलांच्या नावाने त्यांनी वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. रुग्णांना हात लावायला लोक तयार नव्हते त्या काळात तिथे उपचार होत होते.

आता विचार करा. १९८६ मध्ये जे डॉक्टर चाळिशीत होते, त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या पुस्तकात हा आजार नव्हताच. म्हणजे आधी मोठ्या डॉक्टरांनी शिकायचं आणि शिकता शिकता धाकट्यांना शिकवायचं. अभ्यासक्रम बदलल्यावर आपली जी धांदल उडते, तशीच. फरक इतकाच की इथे समोर माणूस दगावत होता.

पहिला धडा : एका चाचणीवर निकाल द्यायचा नाही

निदानाच्या प्रशिक्षणात सुरुवातीलाच सांगतात की एक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून 'तुला एचआयव्ही आहे' असं म्हणायचं नाही. लक्षणं नसलेल्या माणसाच्या बाबतीत वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्या पॉझिटिव्ह याव्या लागतात. असं का? हे सोपं गणित आहे, सातवी-आठवीच्या वर्गात करून पाहण्यासारखं.

समजा, १००० लोकांची तपासणी केली. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण हजारी दोन आहे. म्हणजे या हजारात २ जणांना लागण आहे आणि ९९८ जणांना नाही. चाचणी खूप चांगली आहे असं धरू. ज्यांना लागण आहे ते दोघेही ती बरोबर पकडते आणि ज्यांना नाही त्यांच्यात हजारी फक्त ५ वेळा चुकते. म्हणजे ९९८ पैकी सुमारे ५ निरोगी लोक 'पॉझिटिव्ह' निघतील. एकूण पॉझिटिव्ह किती? २ + ५ = ७. या सातातले पाच जण निरोगी!

चाचणी ९९.५ टक्के बरोबर असूनही असं झालं, कारण मुळात लागण असलेले लोकच थोडे आहेत. म्हणून त्या सात जणांची दुसऱ्या पद्धतीची चाचणी करायची आणि मग तिसरी. तीनही वेगळ्या चाचण्या एकाच निरोगी माणसाबाबत चुकण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

उलटी चूकही होऊ शकते. नेहमीची चाचणी थेट विषाणू शोधत नाही. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. लागण झाल्यावर काही आठवडे ते सुमारे तीन महिने चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून धोका नुकताच घडला असेल तर पुन्हा तपासायला बोलवावं लागतं.

लहान बाळांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे बाळ निरोगी असलं तरी नेहमीची चाचणी पॉझिटिव्ह दिसते. अशा वेळी बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन खास कागदावर वाळवतात आणि प्रयोगशाळेत थेट विषाणूचाच शोध घेतात. हे डॉक्टरला माहीत नसेल तर एका निरोगी बाळावर जन्मभराचा शिक्का बसेल.

दुसरा धडा : रिपोर्ट हातात देणं म्हणजे निदान नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्ही तपासणीसाठी पाच गोष्टी ठरवून दिल्या आहेत. संमती, गोपनीयता, समुपदेशन, अचूक निकाल आणि पुढच्या उपचाराशी जोडून देणं. पाचांपैकी एकच गोष्ट प्रयोगशाळेतली आहे हे लक्षात घ्या. बाकी चार माणसाशी वागण्याच्या आहेत.

ताई सांगत होती की प्रशिक्षणात जोड्या पाडून सराव करतात. एकाने रुग्ण व्हायचं, एकाने डॉक्टर. खुर्ची कशी ठेवायची, दार बंद आहे ना ते पाहायचं, रुग्णाला आधी काय माहीत आहे ते विचारायचं, बातमी साध्या शब्दांत सांगायची आणि मग गप्प बसायचं. "गप्प बसणं सगळ्यांत अवघड गं," ती म्हणाली. "आपण घाबरून लगेच गोळ्यांची माहिती सुरू करतो. समोरच्याच्या कानात काहीच शिरत नसतं."

पालकसभेत आपणही असंच करत नाही का? मूल मागे पडतंय हे पालकांना सांगताना आपण भराभर उपाय सांगून मोकळे होतो.

मुलांना त्यांच्या आजाराबद्दल कसं सांगायचं, हा या प्रशिक्षणातला वेगळा भाग आहे. जन्मापासून लागण असलेल्या मुलाला एका दिवसात सगळं सांगत नाहीत. लहानपणी 'तुझ्या अंगातल्या सैनिकांना मदत करायला ही गोळी' इतकंच. मग वय आणि समज पाहून टप्प्याटप्प्याने पुढचं. आजाराचं नाव साधारणपणे किशोरवयाच्या आत-बाहेर, पालक आणि समुपदेशक यांनी मिळून.

आपल्यासाठी यात मोठी गोष्ट आहे. आपल्या वर्गात असं मूल असेल तर त्याला स्वतःलाच अजून आजाराचं नाव माहीत नसेल. आणि ते त्याला शिक्षकांच्या खोलीतल्या कुजबुजीतून किंवा मधल्या सुट्टीतल्या भांडणातून कळलं, तर आईने आणि डॉक्टरांनी वर्षानुवर्षं जपून केलेलं काम एका वाक्यात मोडेल.

तिसरा धडा : शिकलेलं पुन्हा शिकायचं

१९८७ मध्ये पहिलं औषध, झिडोव्हुडिन, अमेरिकेत मंजूर झालं. पण एका औषधाला विषाणू लवकरच दाद देईनासा होई. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि चित्र पालटलं. मात्र खर्च वर्षाला १०,००० डॉलरच्या वर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात द्यायची तयारी दाखवली. गरीब देशांतल्या लाखो लोकांपर्यंत उपचार पोहोचायला त्यामुळे वाट मिळाली.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने देशातल्या आठ रुग्णालयांत मोफत औषधं सुरू केली. त्यात मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. औषधं आली, पण ती द्यायची कशी हे जाणणारे डॉक्टर किती होते? मूठभर. म्हणून केंद्रं वाढत गेली तसं डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, औषधनिर्माते या सगळ्यांचं प्रशिक्षणही वाढवावं लागलं.

आणि ते एकदा करून भागलं नाही. याचं एक उदाहरण देते. आपल्या रक्तात सीडी४ नावाच्या पेशी असतात. त्या आपल्या संरक्षण दलाच्या कप्तान आहेत असं समजा. एचआयव्ही नेमका त्यांच्यावरच हल्ला करतो. २००४ मध्ये डॉक्टरांना शिकवलं जाई की या पेशींची संख्या २०० च्या खाली गेली की औषध सुरू करा. पुढे ही मर्यादा ३५० झाली, मग ५००. आणि २०१७ पासून नियम असा की निदान झालं की संख्या कितीही असो, उपचार सुरू करायचे. जो डॉक्टर २००५ चंच शिकलेलं धरून बसला, तो आज रुग्णाचं नुकसान करील. सेवांतर्गत प्रशिक्षणाला आपण नाकं मुरडतो ना, त्यांच्यासाठी हे वाक्य आहे. त्यात मीही आले.

नियम का बदलला, यामागे एक मोठा अभ्यास आहे आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांवर तो झाला. जोडप्यातल्या एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती. निम्म्यांना औषध लगेच सुरू केलं, निम्म्यांना त्या वेळच्या नियमाप्रमाणे नंतर. पुण्यात भोसरीला असलेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचं केंद्र त्यात सहभागी होतं. २०११ मध्ये निकाल आला. जोडीदाराकडून जोडीदाराला लागण झाल्याच्या २८ घटना सापडल्या. त्यांतल्या २७ 'नंतर औषध' गटातल्या होत्या आणि 'लगेच औषध' गटातली फक्त एक. म्हणजे औषध घेणाऱ्याला स्वतःला तर फायदा होतोच, शिवाय त्याच्यापासून पुढे लागण होणंही थांबतं. आता डॉक्टरांना हे स्पष्टच शिकवतात की औषधं नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही.

आज बहुतेक प्रौढ रुग्णांना तीन औषधांची मिळून एकच गोळी रोज घ्यावी लागते. पण 'रोज' म्हणजे रोज. महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी दोन चुकल्या तर हजेरी ९३ टक्क्यांवर येते आणि डॉक्टर निदान ९५ टक्के मागतात. गोळी चुकली की विषाणू औषधाला सरावतो. म्हणून डॉक्टरांना शिकवतात की 'गोळ्या घेता ना?' असं विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. 'गेल्या आठवड्यात किती चुकल्या?' असं विचारा. गृहपाठाबद्दलही असंच विचारून पाहा!

क्षयरोगाचं नाव तर या प्रशिक्षणात पावलोपावली येतं. एचआयव्ही असलेल्या माणसाला सगळ्यांत मोठा धोका टीबीचा. म्हणून प्रत्येक भेटीत चार प्रश्न ठरलेले असतात. खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घाम येतो का? टीबी सापडला तर आधी टीबीची औषधं सुरू करतात आणि मग थोड्याच आठवड्यांत एचआयव्हीची.

चौथा धडा : कोणाला आहे, हे शोधत बसू नका

हा धडा माझ्या त्या दुपारच्या थबकण्याशी जोडलेला आहे.

सुरुवातीच्या काळात रुग्णालयांत काय होई? शस्त्रक्रियेआधी गुपचूप तपासणी, कॉटवर पाटी, फायलीवर लाल खूण. हेतू हाच की 'आम्हाला सांभाळून राहता येईल'. डॉक्टरांना शिकवतात की ही पद्धत क्रूर तर आहेच, शिवाय बिनकामाची आहे. कारण पहिल्या धड्यात पाहिलंच की लागण नुकतीच झालेली असेल तर चाचणी निगेटिव्ह येते. म्हणजे ज्याच्या फायलीवर खूण नाही, त्याच्या बाबतीत तुम्ही गाफील राहणार आणि नेमके तिथेच फसणार.

यावर उपाय १९८७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सुचवला आणि तो जगभर स्वीकारला गेला. प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य असू शकतं असं धरून वागायचं. हातमोजे सगळ्यांसाठी, हात धुणं सगळ्यांसाठी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, हेही सगळ्यांसाठी. मग कोणाला काय आहे, हे माहीत असण्याची गरजच उरत नाही.

भीती घालवायला आकडेही शिकवतात. बाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता किती? हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर त्याची शंभरात ३० पर्यंत, हिपॅटायटिस सीची शंभरात सुमारे ३ आणि एचआयव्हीची हजारात सुमारे ३. ज्याला आपण सगळ्यांत घाबरतो, तो या तिघांत सगळ्यांत मागे! आणि सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत, प्रतिबंधक औषधं सुरू करून २८ दिवस घ्यायची. ही आकडेवारी आत गेलेल्या सुईची आहे. धड त्वचेवर रक्त लागल्याने एचआयव्ही होत नाही.

मग आपल्या शाळेत काय?

देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. त्यांची मुलं आपल्याच शाळांत शिकतात. डॉक्टरांचा चौथा धडा मी माझ्या वर्गापुरता असा उतरवला आहे :

१. प्रथमोपचार पेटीत हातमोजे ठेवायचे आणि *प्रत्येक* मुलाच्या जखमेला वापरायचे. अगदी सरपंचांच्या नातवालाही. मोजे नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातात घालता येते. मूल मोठं असेल तर कापडाची घडी त्यालाच दाबून धरायला सांगायची. जखम वाहत्या पाण्याने धुवायची आणि नंतर आपले हात साबणाने.

२. फरशीवर रक्त सांडलं तर ब्लीचिंगचं पाणी टाकायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग मोजे घालून पुसायचं.

३. डबा, पाण्याचा ग्लास, बाक, शौचालय, मिठी, एकत्र खेळ यांतून एचआयव्ही पसरत नाही. त्यामुळे यांपैकी कशातही कुणाला वेगळं ठेवायचं नाही.

४. महिन्याला एक दिवस एखादं मूल 'दवाखान्यात जायचंय' म्हणून गैरहजर राहत असेल, तर वर्गासमोर कारण विचारायचं नाही. रजा द्यायची, बुडालेला अभ्यास करून घ्यायचा.

५. पालकांनी विश्वासाने काही सांगितलं तर ते आपल्यापाशीच ठेवायचं. मुख्याध्यापकांना सांगायचं असेल तरी आधी पालकांची संमती घ्यायची.

यातल्या शेवटच्या तीन गोष्टी केवळ माणुसकीच्या नाहीत, कायद्याच्याही आहेत. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्हीच्या कारणावरून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, वेगळं बसवता येत नाही. प्रवेशासाठी चाचणीची अट घालता येत नाही. संमतीशिवाय कुणाची माहिती उघड करता येत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. 'वर्गात असं कुणी आहे का, आम्हाला कळायला हवं,' असं काही पालक म्हणतात. त्यांची काळजी मी समजू शकते, कारण मीही एकदा थबकले होते. पण तुमच्या मुलाचं रक्षण नावं कळल्याने होत नाही. प्रत्येक जखमेला हातमोजे वापरले जातात की नाही, यावर ते अवलंबून आहे. शाळेला नावं विचारू नका, पेटीत हातमोजे आहेत का ते विचारा. आणि कुणाला स्वतःसाठी माहिती हवी असेल तर १०९७ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, सरकारी रुग्णालयात मोफत आणि गोपनीय तपासणी होते.

त्या मुलाच्या घरी खरंच काही होतं का? मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. यंदा तो पाचवीत गेला. परवा दुसऱ्याच एका मुलीचं कोपर खरचटलं, तर हाच मोठ्या ऐटीत माझ्यासाठी पेटी घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, आधी मोजे घाला. सगळ्यांना घालायचे असतात ना?"

मी मोजे घातले आणि या वेळी कुठेही न थांबता पट्टी बांधली.